खाडीकाठच्या लेकीला

प्रिय ताई,

अनेक आशीर्वाद.

तुझा फोन आला तेव्हा सोयाबीनची मळणी चालू होती, धड बोलता आलं नाही. म्हणून लिहितोय. तू रविवारी ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रात जाऊन शाळेच्या लेकरांना कांदळवन, म्हणजे खाडीच्या खाऱ्या चिखलातलं जंगल, दाखवतेस, हे मी पारावर सांगितलं. पहिला प्रश्न, "पगार किती?" नाही म्हटल्यावर दुसरा, "मग कशाला जाती?" मी म्हणालो, तिला पटलंय म्हणून. तूही याच्यापुढं कुणाला उत्तर देत बसू नकोस.

तू सांगितलेलं तिवराचं झाड माझ्या डोक्यातून जाईना. खारं पाणी ओढायचं आणि मीठ पानावाटे बाहेर टाकायचं! चिखलात हवा मिळत नाही म्हणून मुळंच वर काढायची! जायकवाडीच्या कालव्याखाली आपलं खालचं वावर चोपण, म्हणजे खारवट, झालेलं तू पाहिलंस. जमिनीवर पांढरी फुटली, तिथं ज्वारीचं धाट गुडघ्याच्या वर येत नाही. मीठ काय करतं हे ज्यानं रानात भोगलं, त्याला या झाडाची किंमत कळते. आणि तिथल्या कांदळ नावाच्या झाडाचं बी झाडावर असतानाच मोड धरतं म्हणालीस. सप्टेंबरात झड लागली की आपल्या सोयाबीनच्या शेंगेतच कोंब फुटतात आणि आपण कपाळाला हात लावतो. त्या झाडाचा मात्र वंश त्याच्यावरच चालतो. मला तर हे ऐकून रात्री झोप लागली नाही.

म्हणून सांगतो, लेकरांसमोर जैवविविधता वगैरे मोठे शब्द मागून येऊ देत. आधी पानावर बोट फिरवू दे, मिठाचे कण दिसू देत. खेड्यातलं लेकरू आलं तर चोपण रानाचं विचार, ते आपोआप बोलायला लागेल.

ठाणे खाडीच्या रोहित पक्ष्यांचं, म्हणजे फ्लेमिंगोंचं, तू कौतुकानं सांगतेस. 2015 मध्ये अभयारण्य झालं, 2022 मध्ये जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेलं, त्याचा आनंद आहेच. पण तिथल्या पोरांना हेही सांग की पैठणला नाथसागरावरसुद्धा रोहित उतरतात. समुद्रापासून इतक्या लांब, धरणाच्या उथळ पाण्यात. मुंबईच्या लेकराला मराठवाडा म्हणजे नुसता दुष्काळ माहीत असतो, लातूरला 2016 मध्ये रेल्वेनं पाणी आलं तेवढंच. त्याला ही आपली दुसरी बाजू कळू दे.

आणि एक गोष्ट मला फार लागते. आपल्याकडं लोक म्हणतात, समुद्राचं आपल्याला काय. अगं, आपली गंगा, म्हणजे गोदावरी, कुठं जाते? गंगाखेडच्या घाटावर सोडलेली निर्माल्याची पिशवी नांदेडवरून तेलंगणात, तिथून आंध्रात उतरते. गोदावरीचा 1,465 किलोमीटरचा प्रवास बंगालच्या उपसागरात संपतो, आणि तिच्या मुखाशी काकीनाड्याजवळ कोरिंगाचं कांदळवन आहे. तू जे झाड जपायला शिकवतेस, त्याच्याच भाऊबंदांच्या मुळांत आपल्या पिशव्या अडकणार. उलट पोळ्याच्या सुमारास आपलं पीक वाचवणारा पाऊस कित्येकदा त्याच उपसागरातल्या कमी दाबामुळं येतो. घेणं-देणं दोन्हीकडून आहे, ताई.

दिवाळीत आलीस की आपल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत तास घे. गुरुजींशी बोललोय, ते तयार आहेत. फोटो भरपूर आण, मोबाइलमधले चालतील, शाळेत टीव्ही आहे.

भरतीच्या वेळा पाहिल्याशिवाय चिखलात उतरू नकोस, आणि एकटी तर मुळीच नको. आई हेच दहादा सांगते आहे.

शेवटी माझं एक काम. केंद्रात झाडांचे जाणकार येत असतील, त्यांना विचारून ठेव: खाऱ्या मातीत तग धरणारं चाऱ्याचं एखादं गवत आपल्या खालच्या वावरात येईल का? बी कुठं मिळतं तेही विचार. पावसाळ्याआधी कळलं तर बरं.

तुझे,
अण्णा