ताराबाईंचं पुस्तक कपाटात हवं

माननीय उच्च व तंत्र शिक्षण मंत्री यांस,
सादर नमस्कार.

गेल्या महिन्यात ठाणे लोकलच्या बायकांच्या डब्यात मी उभ्या उभ्याच ताराबाई शिंदे यांचा ‘स्त्री-पुरुष तुलना’ हा निबंध वाचत होते. माझ्याकडची प्रत झेरॉक्स काढून स्पायरल घातलेली, कडा विरलेल्या. शेजारची मुलगी खांद्यावरून डोकावून वाचू लागली. बायको मेली की पुरुष लगेच दुसरी करायला मोकळा, नवरा मेला की बाईनं केस काढून कोपरा धरायचा. मग तुम्हीही दाढीमिशा भादरून रानात का जात नाही, असं ताराबाई विचारतात, ते पान होतं. भांडुपला उतरता उतरता ती म्हणाली, “मॅडम, हे कुठं मिळेल?”

मी ग्रंथपाल आहे, साहेब. पण ‘आमच्या वाचनालयात ये’ असं मला सांगता आलं नाही. खरेदीच्या यादीत हे पुस्तक मी दोनदा घातलं, दोनदा ते मागं पडलं. पैसे थोडे आणि मागणी स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांची.

ताराबाई बुलढाण्याच्या. वडील बापूजी हरी शिंदे सरकारी कचेरीत हेडक्लार्क, सत्यशोधक समाजाचे. त्यांनी लेकीला घरीच शिकवलं. १८८१ साली सुरतेकडच्या विजयालक्ष्मी नावाच्या तरुण विधवेला, जन्मलेल्या मुलाला मारल्याबद्दल फाशीची शिक्षा झाली. पुढं ती कमी झाली, पण वर्तमानपत्रांनी तोवर साऱ्या बायकांच्या चारित्र्यावर तोंडसुख घेतलं होतं. तिला त्या अवस्थेला आणणाऱ्या पुरुषाबद्दल कुणी अवाक्षर काढत नव्हतं. मराठा घराच्या चौकटीत कोंडलेल्या ताराबाईंना ते सोसलं नाही. १८८२ साली पुण्यात निबंध छापला: ५०० प्रती, किंमत नऊ आणे. टीकेची झोड उठली. जोतीराव फुले ‘सत्सार’ या आपल्या पुस्तिकेतून त्यांच्या बाजूनं उभे राहिले, पण ताराबाईंचं दुसरं पुस्तक आलं नाही. माझ्या मनाला सगळ्यात जास्त हेच लागतं.

पुढं निबंध जवळजवळ विस्मरणात गेला. १९७५ साली अभ्यासक स. गं. माळशे यांनी तो पुन्हा उजेडात आणला, आणि छापला तो आपल्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयानं. या शहरानं एकदा तो वाचवला आहे.

महात्मा फुल्यांचं समग्र वाङ्मय सरकारनं स्वस्तात घरोघर पोचवलं. तसंच हे करा. ग्रंथालय संचालनालयामार्फत या पुस्तकाची एक प्रत राज्यातल्या प्रत्येक अनुदानित सार्वजनिक ग्रंथालयाला द्या, अगदी ‘ड’ या सगळ्यात खालच्या वर्गातल्यालाही, आणि त्यांच्या अनुदानातून पैसे न कापता. टाइप मोठा ठेवा. जुन्या शब्दांचे अर्थ त्याच पानाखाली द्या. आमच्याकडं दुपारी येणाऱ्या बायका शेवटची पानं उलटत बसत नाहीत.

गाडी मी रोज तीच पकडते. ती मुलगी पुन्हा भेटली तर माझी झेरॉक्स तिला देणार आहे. वाचनालयाचं कपाट भरणं मात्र तुमच्या हातात आहे.

आपली नम्र,
मुंबई उपनगरातल्या एका सार्वजनिक वाचनालयाची ग्रंथपाल