भंडारदऱ्याच्या कॅम्पिंगला पण नियम लावा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मे संपत आला की पेपरात भंडारदऱ्याच्या काजव्यांचे फोटो येतात आणि पाठोपाठ गाड्यांच्या रांगांची बातमी पण येते, त्यावरूनच हे लिहितेय.

मी नाशिकची. उन्हाळ्यात लेकीकडे अमेरिकेत, मिनेसोटा राज्यातल्या मिनियापोलिसला गेले होते, तिथून सगळे मिळून टेंट घेऊन त्याच राज्यातल्या इटास्का स्टेट पार्कला राहायला गेलो. मिसिसिपी नदी जिथून निघते तो हा इटास्का लेक. तळ्यातून पाणी बाहेर पडतं तिथे दगडांची रांग आहे, त्यावरून लहान पोरं सुद्धा नदी ओलांडतात, आणि शेजारी लाकडी खांबावर कोरलंय की इथून २,५५२ मैल वाहत जाऊन ही समुद्राला मिळते. त्र्यंबकला येऊन-जाऊन असलेल्या माणसाचे हात तिथे आपोआप जोडले जातात, माझेही जोडले गेले.

पण मला सांगायचंय ते तिथल्या कॅम्पिंगबद्दल. प्रत्येक टेंटच्या जागेला नंबर असतो, बुकिंग १२० दिवस आधी उघडतं, आणि जेवढे नंबर तेवढेच ग्रुप, भरलं की भरलं, मग कुणाची ओळख काढून उपयोग नाही. जागेवर एक टेबल आणि शेकोटीसाठी लोखंडी कडं, जाळ त्या कड्याच्या बाहेर करायचा नाही. लाकडं घरून न्यायची नाहीत, तिथेच विकत घ्यायची, कारण एमराल्ड ॲश बोरर नावाचा किडा लाकडातून एका जंगलातून दुसऱ्या जंगलात जातो आणि ॲशची झाडंच्या झाडं मारतो. जंगलात काळी अस्वलं आहेत म्हणून झोपायच्या आधी खाण्याची प्रत्येक गोष्ट गाडीत बंद, थालीपिठाची भाजणी, लोणच्याची बरणी, नातवाच्या खिशातलं चॉकलेट पण.

आणि रात्री दहानंतर आवाज बंद! शेजारी कुणाचा तरी वाढदिवस होता, मोठी गँग, केक, गाणी सगळं चालू होतं, पण दहा वाजले तसे ते आपणहून कुजबुजत बोलायला लागले, कुणी येऊन दटावलं नाही. मग तळ्यावरून लून ओरडायला लागला. हा मिनेसोटाचा राज्यपक्षी, काळापांढरा, लाल डोळ्यांचा, त्याचा आवाज म्हणजे लांबून कुणीतरी आपल्याला हाक मारतंय असा. डास भयंकर होते, तरी मी बराच वेळ टेंटच्या बाहेरच बसून राहिले.

आता कुणी म्हणेल अमेरिकेतले लोक शिस्तीचेच, आपल्याकडे नाही व्हायचं. असं काही नाही हो. तिथे पार्क १८९१ ला झाला तरी आजूबाजूची झाडं तोडणं चालूच होतं. १९०३ मध्ये लाकूड कंपनीने ओंडके वाहून न्यायला बांध घालून तळ्याचं पाणी चढवलं, काठ बुडायला लागला. तेव्हा मेरी गिब्ज नावाची २४ वर्षांची मुलगी पार्कची कमिशनर होती, वडील वारल्यावर ते काम तिच्याकडे आलं होतं, ती बंदुकीच्या धमकीला न घाबरता बांधाचे दरवाजे उघडा म्हणून उभी राहिली. काही महिन्यांतच तिला पदावरून काढलं, पण दोनशे वर्षांहून जुने लाल पाइन अजून तिथे उभे आहेत ते अशा भांडणाऱ्या लोकांमुळेच.

आपल्याकडे भंडारदरा तर कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याला लागून. हिरडा, सादडा, बेहड्याच्या झाडांवर काजवे लुकलुकतात ते जोडीदाराला खूण करायला, त्यात मोबाईलचे टॉर्च आणि गाड्यांचे हेडलाईट मारले तर त्यांना एकमेकांचा उजेड दिसणार कसा? मागे आम्ही गेलो तेव्हा ज्या टेंटवाल्याकडे उतरलो त्याचा स्पीकर मध्यरात्र उलटली तरी चालूच होता, सकाळी काठावर बाटल्या आणि थर्माकोलच्या प्लेटा. मला अजून त्याचा राग येतो.

कॅम्पिंग बंद करा असं मी अजिबात म्हणत नाहीये, मुरशेत, पांजरे, घाटघर, रतनवाडीच्या पोरांचं पोट त्यावर आहे. उलट नंबरच्या जागा, लाकूडविक्री, कचरा, रात्रीची गस्त हे सगळं गावाच्या समितीकडेच द्या आणि पैसा गावातच राहू द्या. फक्त किती टेंट लागणार हा आकडा वनखात्याने ठरवावा, स्पीकर पूर्ण बंद ठेवावा, आणि बुकिंग नसलेली गाडी शेंडी गावातूनच परत पाठवावी.

पुढचा सीझन यायच्या आत हे व्हायला पाहिजे. या गावांतल्या कुणाला माझं म्हणणं पटत नसेल तर त्यांचं पत्र पण छापा, मला खरंच वाचायचंय.

आपली,
एक नियमित वाचक, नाशिक