स्टिअरिंग सेन्सर बदलण्याआधी

संपादक महोदय,

पावसाळ्यानंतर जुन्या एसयूव्हींच्या डॅशबोर्डवर ईएसपीचा (गाडी घसरू नये म्हणून असलेल्या यंत्रणेचा) दिवा लागला, की अनेक गॅरेजांत थेट स्टिअरिंग अँगल सेन्सर (स्टिअरिंग किती वळले ते मोजणारा) बदलायला सांगतात. बऱ्याचदा तो शाबूत असतो.

आधी बॅटरी पाहा. गाडी बंद असताना १२.४ व्होल्टच्या खाली असेल, तर खोटे कोड (गाडीच्या संगणकाने नोंदवलेले दोष) येऊ शकतात. इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.५ हवेत. मग कोड वाचणारा स्कॅनर लावून 'लाइव्ह डेटा', म्हणजे सेन्सरचे चालू आकडे, उघडा, नुसता कोड पुसू नका. चाके सरळ असताना स्टिअरिंगच्या कोनाचा आकडा शून्याच्या आसपास हवा. स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश फिरवा. आकडा सलग बदलतो पण सरळ स्थितीत सात-आठ अंश दाखवतो, तर सेन्सर चांगला, कॅलिब्रेशन (सेन्सरला शून्य कुठे ते शिकवणे) चुकलेले. मात्र सरळ रस्त्यावर स्टिअरिंगच तिरके राहत असेल, तर आधी चाकांची अलाइनमेंट. आकडा मध्येच उडी मारत असेल किंवा गोठत असेल, तर कनेक्टर आणि वायरिंग तपासून मगच सेन्सरवर संशय घ्यावा.

सोबत हॉर्न बंद आणि एअरबॅगचा दिवाही लागला असेल, तर दोष बहुधा क्लॉकस्प्रिंगचा, म्हणजे फिरत्या स्टिअरिंगला वीजजोडणी देणाऱ्या गुंडाळलेल्या पट्टीचा. काही गाड्यांत सेन्सर त्यातच असतो. स्टिअरिंग उघडण्यापूर्वी बॅटरीची ऋण वायर काढून दहा मिनिटे थांबा. एअरबॅगशी खेळ नको. नवी क्लॉकस्प्रिंग मध्यावर ठेवूनच बसवा, नाहीतर पहिल्याच पूर्ण वळणात आतली पट्टी तुटू शकते. शेवटी कॅलिब्रेशन करायलाच हवे, आणि नेमकी तीच पायरी वगळली जाते.

– एक ऑटो इलेक्ट्रिशियन, पुणे