अळंबी ओळखणारा माणूस द्या : आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

माननीय आरोग्यमंत्री,
सप्रेम नमस्कार.

रानात अळंबी उगवू लागली की सूचना निघते : अनोळखी अळंबी खाऊ नका, खात्री करूनच खा. सूचना चूक नाही, पण तिने विषबाधा थांबत नाही. कारण विषारी अळंबी खाणाऱ्याला बहुतेक वेळा ती ओळखीचीच वाटलेली असते. म्हणून माझी मागणी एकच आहे. वेचलेली टोपली घेऊन जाता येईल आणि जाणकार माणूस ती बघून सांगेल, अशी मोफत तपासणी सरकारने हंगामात सुरू करावी.

घोळ नेमका कुठे होतो ते सांगते. भाताच्या पेंढ्यावर वाढणारी खाण्याजोगी अळंबी आणि जीवघेणी डेथ कॅप, दोन्ही कोवळ्या असताना अंड्यासारख्या दिसतात. दोन्हींच्या देठाच्या बुडाशी पिशवी असते. पेंढ्यावरची अळंबी लहानपणापासून खाणारी माणसे परमुलखात गेली, तिथे डेथ कॅप दिसली आणि ओळखीची म्हणून वेचली, असे अनेकदा घडले आहे.

अळंबी पूर्ण उमलली की फरक तपासता येतो. टोपी देठापासून कापायची, अर्ध्या पांढऱ्या आणि अर्ध्या काळ्या कागदावर पालथी ठेवायची, वर वाटी झाकायची आणि रात्रभर हलवायची नाही. सकाळी कागदावर बीजाणूंचा ठसा उमटलेला असतो. पेंढ्यावरच्या अळंबीचा गुलाबीसर, डेथ कॅपचा पांढरा. नुसत्या पांढऱ्या कागदावर हा पांढरा ठसा नजरेतून सुटतो, म्हणून काळा कागदही हवाच. कोवळ्या अंड्याचा मात्र ठसा मिळत नाही. ते उभे कापून पाहावे लागते : आत टोपी आणि देठाची पुसटशी आकृती दिसली, तर ती गोळ्यासारखीच राहणारी निरुपद्रवी अळंबी (पफबॉल) नव्हे, उमलू पाहणारी छत्री आहे. आणि अळंबी ओढून उपटली तर बुडाची पिशवी मातीतच राहते. ओळखीची सर्वांत महत्त्वाची खूण तिथेच हरवते. सुरीने बुडाभोवतीची माती सैल करून ती अख्खी काढावी लागते.

एवढे करूनही हाती काय लागते? फार तर एखादी शक्यता बाद होते. पांढरा ठसा खाण्याजोग्या कितीतरी अळंबींचाही असतो. वास, कापल्यावर बदलणारा रंग, देठावरचे कडे, टोपीखालच्या पट्ट्या देठाला चिकटलेल्या की सुट्या, जवळचे झाड कोणते, हे सगळे जुळवावे लागते. मोबाइलच्या फोटोत यातले निम्मेही येत नाही. चांदीचा चमचा काळा पडणे, लसूण रंग बदलणे, किड्यांनी खाल्लेली म्हणून निर्धोक, या कसोट्या तर निखालस खोट्या आहेत. शिजवून, वाळवून, गोठवूनही डेथ कॅपचे विष जात नाही.

‘आम्ही वर्षानुवर्षे खातो’ हाही पुरावा नव्हे. युलियुस शेफर हे जर्मन बुरशीतज्ज्ञ 1944 साली पॅक्सिलस इनव्होल्युटस ही अळंबी खाल्ल्याने दगावले. ती तेव्हा खाण्याजोगी मानली जात होती. पुन्हापुन्हा खाल्ल्यावर एखाद्याच्या शरीराची प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच तांबड्या पेशी फोडू लागते, हे पुढे समजले.

आता आपल्या खात्याच्या अखत्यारीतली गोष्ट. डेथ कॅप खाल्ल्यावर साधारण सहा ते बारा तास काहीच होत नाही, कधी त्याहूनही उशीर लागतो. मग उलट्या आणि जुलाब. त्यानंतर रुग्णाला बरे वाटते. इथेच घात होतो, कारण त्याच वेळी यकृत निकामी होत असते आणि अशा रुग्णाला घरी पाठवले जाऊ शकते. कॉर्टिनेरियस गटातल्या काही अळंबी मूत्रपिंडावर घाला घालतात आणि लक्षणे दिसायला कधी दोन आठवडेही जातात. इतक्या दिवसांनी ते जेवण कोणाच्या लक्षात राहणार? म्हणून अशा रुग्णाला ‘गेल्या काही आठवड्यांत रानातली अळंबी खाल्ली का’ हा प्रश्न डॉक्टरांनी विचारलाच पाहिजे, आणि उरलेली अळंबी कागदी पिशवीत घालून मागवली पाहिजे.

तपासणीची मागणी अवास्तव नाही. स्वित्झर्लंडमध्ये प्रशिक्षित तपासनीस लोकांनी वेचलेली अळंबी पाहून देतात. फ्रान्समध्ये औषधनिर्माणशास्त्राच्या विद्यार्थ्यांना बुरशींची ओळख शिकवली जाते. आपण वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापकांना आणि औषधविक्रेत्यांना प्रशिक्षण देऊन सुरुवात करू शकता. रानाशी नाते असलेली, पिढ्यान्‌पिढ्या अळंबी वेचणारी माणसेही यात हवीत. त्यांच्या इतकी बारीक नजर पुस्तकाने येत नाही.

नियम मात्र कडक ठेवा. प्रत्येक जात वेगळ्या कागदात, बुडासकट, न चिरता आणलेली. निकाल लेखी. शंका असेल तर ती जात टाकून द्यायची, आणि विषारी तुकडा इतरांत मिसळला असेल तर अख्खी टोपली. हा अधिकार तपासनिसाला कायद्याने द्या. नाहीतर दारात उभ्या माणसाचा हिरमोड नको म्हणून तो कधीतरी ‘चालेल’ म्हणून जाईल.

येत्या हंगामाआधी निर्णय व्हावा, ही विनंती.

आपली,
बुरशींची अभ्यासक, एक नागरिक