दुखत नाही म्हणून उचलू नकोस

चि. बाळास अनेक आशीर्वाद.

काल तू फोन ठेवलास आणि आम्ही दोघं बराच वेळ गप्पच होतो. तुझी आई म्हणाली, आता परत फोन करू नका, हवं तर चार ओळी लिहा, पण त्यात हाताचा विषय नको. म्हणून लिहायला बसलो. आधी ताईचा निरोप देतो. तिच्या धाकट्याची परीक्षा संपली, सुट्टीत तुझ्याकडे राहायला यायचं म्हणतोय. येऊ दे त्याला. घरात उचल-ठेव करायला एक दणकट पोरगा असलेला बरा. बघ, आलोच मी हातावर.

मग सरळच लिहितो. काल व्हिडिओवर दिसलं, तुझी छोटी हात वर करून तुझ्यापुढे उभी राहिली आणि तू खाली वाकून दोन्ही हात पुढे केलेस. ब्रेस, म्हणजे ऑपरेशननंतर कोपराला बांधायचा आधार, मागे टेबलावर पडला होता, तोही मला दिसला. पुढे तू तिला उचललंस की सूनबाईने मधेच घेतलं ते कळलं नाही, कारण तेवढ्यात माझा आवाज चढला. तू म्हणालास, "बाबा, आता दुखत नाही. मला लहान समजू नका." लहान समजत नाही रे. पण ते "दुखत नाही" काही केल्या माझ्या डोक्यातून जात नाही.

ऑपरेशनच्या दिवशी सर्जननी कागदावर चित्र काढून दाखवलं होतं. तू तेव्हा गुंगीत होतास, म्हणून पुन्हा लिहितो. बायसेप्सचा, म्हणजे दंडाच्या पुढच्या स्नायूचा, खालचा टेंडन, म्हणजे स्नायू हाडाला बांधणारी दोरी, कोपराच्या पुढे, अंगठ्याच्या बाजूच्या हाडाला धरलेला असतो. तुझा तिथूनच उपटला. त्यांनी हाडाला भोक पाडून टेंडन दोऱ्यांनी आत ओढला आणि पलीकडून धातूच्या बारक्या बटणाने अडकवला. आज तो जागेवर आहे तो त्या दोऱ्यांच्या आणि बटणाच्या जोरावर. हाडाशी तो स्वतः जुळतोय, पण सावकाश. सुरुवातीच्या सुजेनंतर शरीर घाईघाईने कच्चं कोलॅजन, म्हणजे टेंडन ज्या धाग्यांचा बनतो ते प्रथिन, भरतं. ते पक्कं व्हायला, ज्या दिशेने ओढ बसते त्या दिशेने त्याचे धागे लागायला महिने जातात. दुखणं त्याच्या कितीतरी आधी थांबतं. म्हणजे दुखत नाही आणि ताकदही आलेली नाही, असा एक मधला काळ असतो. तू आत्ता नेमका त्यात आहेस. अजून पाच आठवडेही झाले नाहीत.

आयुष्यभर यंत्रांपाशी काढलेला माणूस मी, रात्री झोप येईना तेव्हा हिशेब मांडत बसलो. कोपर काटकोनात असेल तर तळहात कोपरापासून साधारण ३५ सेंटिमीटरवर. टेंडन हाडाला धरतो ती जागा मात्र कोपरापासून जेमतेम ४-५ सेंटिमीटर. हातात १ किलो धरलंस की आत ७-८ किलोची ओढ बसते. छोटी १२ किलोची. दोन हातांनी उचललीस तरी उजव्याच्या वाट्याला ६ किलो येतात, म्हणजे आत ४२ ते ४८ किलो. त्यातली बरीचशी ओढ खालचा दुसरा स्नायू घेतो, सगळी बायसेप्सवर येत नाही, हे मलाही कळतं. तरी चार आठवड्यांच्या जोडावर एवढा भार कुठलाही फिटर घालू देणार नाही.

तुला वाटेल, बाबांना काळजी करायची सवयच आहे. तसं नाही. मी हा हात आधी पाहिलेला आहे.

तुझ्या आजोबांचा, अण्णांचा, उजवा दंड तुला आठवतो का? तू त्यांच्या मांडीवर बसून त्यांना बेटकुळी काढून दाखवायला सांगायचास आणि मग विचारायचास, अण्णांची बेटकुळी एवढी वर, खांद्याजवळ का? ते नुसते हसायचे. मी नववीत होतो तेव्हाची गोष्ट. लोखंडी दार बिजागरीतून निसटलं आणि ते त्यांनी पडता पडता धरलं. फट् असा आवाज झाला, मी शेजारीच उभा होतो. दुसऱ्या दिवशी कोपरापासून मनगटापर्यंत हात काळानिळा. सगळे म्हणाले लचक भरली असेल, पट्टी बांधली, शेक दिला. खरं काय ते कळेपर्यंत महिने उलटले होते. तोवर टेंडन वर सरकून तिथेच आखडला होता, ओढून खाली आणण्यासारखा राहिला नव्हता. हे ऑपरेशन पहिल्या दोन-तीन आठवड्यांतच नीट होतं म्हणतात ना, ते मी घरातच पाहिलंय.

अण्णा नंतरही भरलेली बादली उचलायचे. वाकवायचं काम दुसरा स्नायू भागवतो. गेली ती पिळायची ताकद. कुलपात किल्ली फिरवायची तर मनगटाऐवजी खांद्यापासून अख्खं अंग वळवायचे. स्क्रू घट्ट करताना पहिले आटे स्वतः फिरवायचे आणि शेवटी एक शब्द न बोलता पाना किंवा स्क्रूड्रायव्हर माझ्यासमोर धरायचे. उजव्या हाताने स्क्रू आवळायला बायसेप्सच लागतो, हे मला तुझ्या सर्जननी सांगितलं तेव्हा कळलं. मी मात्र इतकी वर्षं समजत होतो की ते मला काम शिकवतायत.

तुझं निदान दोन दिवसांत झालं. डॉक्टरांनी कोपराच्या खळीत बोट घालून टेंडन आकड्यासारखा धरता येतो का पाहिलं, बोटाला काही लागेना, आणि त्यांनी तिथल्या तिथे सांगितलं. अण्णांना जे मिळालं नाही ते तुला मिळालं. ते एका उचलण्यात घालवू नकोस, एवढंच माझं म्हणणं.

एक गोष्ट काल बोलायची राहिली. तुझा हात गेला तो शेजारच्या आजोबांचं कपाट जिन्यावरून उतरवताना. वरच्या माणसाच्या हातून सुटलं आणि खालच्या पायरीवर तू होतास. तू सोडलं असतंस तर तुला काही झालं नसतं, पण तुझ्या मागे ते आजोबा उभे होते. हे तू आम्हाला सांगितलंच नाहीस, ते स्वतः दवाखान्यात येऊन सांगून गेले. तुझी आई तेव्हा बाहेर जाऊन उभी राहिली होती. मी तिथेच बसून होतो. काय वाटलं ते तेव्हा सांगता आलं नाही, आज लिहितो: ऊर भरून आला होता.

पण म्हणूनच तर भीती वाटते. काही पडताना दिसलं की तुझा हात आधी जातो आणि विचार मागून येतो, हे मला लहानपणापासून माहीत आहे. असा जोड पुन्हा तुटतो तो फार थोड्यांचा, पण तुटतो तेव्हा बहुधा या पहिल्या आठवड्यांतच, आणि व्यायाम करताना क्वचितच. घसरणारं काहीतरी झेलताना, अडकलेलं दार ओढताना, तोल जाऊन कठडा पकडताना तुटतो. दुसऱ्यांदा शिवणं पहिल्यासारखं सोपं नसतं. ब्रेस नुसता कोपर धरायला नाही, तुला आठवण राहावी म्हणूनही आहे. बाहेर पडताना तर काढूच नकोस. गर्दीत चार लोक बघून बाजूला होतात, तेवढं तरी होऊ दे.

हात बांधून नुसता बस, असंही मी म्हणत नाही. फार जपलं तर कोपर आखडतो. बोटं, मनगट, खांदा हलवत राहा. डाव्या हाताने उजवा हात अलगद वर आणायचा आणि खाली न्यायचा तो व्यायाम फिजिओने दिलाय, तो चुकवू नकोस. ब्रेसमध्ये कोपर किती अंश हलू द्यायचा, ते दर आठवड्याला तो वाढवतोय, ते त्यालाच वाढवू दे. तुझ्या कागदावर स्पष्ट लिहिलंय, ६ आठवडे हातात पाण्याच्या पेल्याहून जड काही नाही, वजनाचे व्यायाम साधारण १२ आठवड्यांनंतर, अवजड काम ४ ते ६ महिन्यांनी आणि तेही सर्जननी हो म्हटल्यावर. मी त्याचा फोटो काढून ठेवला होता म्हणून बरं.

अंगठ्याच्या बाजूला पुढच्या हातावर कातडी बधिर वाटते म्हणालास. त्याने तू घाबरला होतास, आवाजावरून कळलं. तिथून त्वचेची एक नस जाते आणि ऑपरेशनच्या वेळी ती ओढली जाते. बऱ्याच जणांना असं होतं आणि बहुतेकांचं काही आठवड्यांत, फार तर काही महिन्यांत निवळतं. पण बोटं किंवा अंगठा सरळ करता आला नाही, तर ती वेगळी नस. तसं कधी वाटलं तर पुढच्या तारखेची वाट पाहू नकोस, त्याच दिवशी दाखव.

आता सिगारेट. सोडली म्हणालास, पण जिन्यात दादाबरोबर उभा होतास तेव्हा वास आला होता. निकोटीनने रक्तवाहिन्या आकसतात, आणि या टेंडनचा हाडाजवळचा भाग असा आहे की तिथे मुळातच रक्त कमी पोचतं. ओढणाऱ्यांमध्ये हा टेंडन तुटायचं प्रमाण न ओढणाऱ्यांपेक्षा कितीतरी जास्त आढळलं आहे. जिथे रक्तच पोचायची मारामार, तिथे जोड धरणार कशाने? तुझं वय काय, घरात लहान पोर, आणि तू… असो. पुन्हा तेच करायला लागलो. चिडू नकोस. हे मी फोनवर म्हटलं असतं तर आवाज चढला असता, कागदावर निदान तेवढं तरी होत नाही.

आणखी एक. कधी ताप, इन्फेक्शन झालं तर औषध लिहून देणाऱ्याला टेंडनचं ऑपरेशन झालंय हे आधी सांग. सिप्रोफ्लॉक्सासिन, लिव्होफ्लॉक्सासिन या गटातल्या अँटिबायोटिक्सनी टेंडन दुखावू शकतात. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००८ साली त्या गोळ्यांवर तसा ठळक इशारा छापायला लावला. डॉक्टर दुसरं औषध देऊ शकतात, पण त्यांना माहीत असेल तर ना.

छोटीचं काय करायचं, यावर तुझ्या आईने मला गप्प बसवून उत्तर दिलं. तू खाली जमिनीवर बस, ती आपली आपण मांडीवर चढेल. तिला उचलून घ्यायचं नाही, तिने यायचं. मागच्या आठवड्यात एका हाताने तू तिची वेणी घातलीस ना, एक टोक दातात धरून? सूनबाईने फोटो पाठवला होता. वेणी वाकडी होती आणि पोरगी आरशात बघून खूश होती. तो फोटो तुझ्या आईने तिच्या मैत्रिणींपैकी कुणाला दाखवायचा ठेवला नाही. मीही दाखवला, एक-दोघांना.

आणि रात्री झोपताना हाताखाली उशी घे. अण्णा घ्यायचे.

पुढच्या तपासणीला जाशील तेव्हा सर्जनना विचार, मनगट फिरवून तळवा वर करायचा व्यायाम स्वतःच्या ताकदीने कधी सुरू करायचा, आणि गाडी कधी चालवायची. ब्रेस असेपर्यंत गाडीला हात लावू नकोस, हे मी विचारून आलो होतो, तरी तूही विचार. ते काय म्हणतात ते मला कळव. नाही कळवलंस तरी मी सूनबाईला विचारणारच आहे.

पुढच्या रविवारी आम्ही दोघं येतोय. दादाने तिकिटं काढली आहेत. तुझ्या आईने छोटीसाठी काय काय बांधून ठेवलंय, बॅगा जड झाल्या आहेत. स्टेशनवर घ्यायला येऊ नकोस. आलास की तू बॅग उचलशील.

तुझा,
बाबा