पिच रिपोर्ट गोल्फचाही असू द्या

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

क्रीडा पानावर गोल्फची बातमी आली की चार ओळींत आटोपते. कोण जिंकला, किती अंडर पार (म्हणजे ठरलेल्या फटक्यांपेक्षा किती कमी), किती डॉलर मिळाले, संपले. क्रिकेट असेल तर खेळपट्टीवर गवत किती आणि भेगा कुठे, यावर अर्धा रकाना असतो आणि आम्ही तो चहाबरोबर चवीने वाचतो. गोल्फमध्ये तर मैदान हाच खरा प्रतिस्पर्धी, आणि त्याच्याबद्दल एक अक्षर नाही!

मी गोल्फ खेळत नाही, हे आधीच सांगतो. आम्ही नाशिककर रोज ‘गोल्फ क्लब’वर फिरायला जातो, पण तिथे क्रिकेट चालते. कागदोपत्री ते हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान. रिक्षावाल्याला मात्र ‘गोल्फ क्लब’च सांगावे लागते. माझी सगळी नोकरी भूकरमापकाची. जमीन दिसली की ती पायाखाली घालून बघायची, एवढीच सवय.

लेक स्कॉटलंडमध्ये डंडीला राहते. तिच्याकडे गेलो असताना एका रविवारी ती मला सेंट अँड्र्यूजला घेऊन गेली. जगातले सर्वांत जुने म्हणून मिरवणारे गोल्फचे मैदान, ‘ओल्ड कोर्स’, तिथे आहे. एवढ्या मोठ्या ठिकाणी आपल्याला कोण आत सोडणार, असे मी म्हणालो, तर कळले की मोठ्या स्पर्धा सोडल्या तर रविवारी तिथे खेळच बंद असतो. त्या दिवशी गावातली माणसे कुत्री घेऊन, बाबागाडी ढकलत त्या हिरवळीवरून खुशाल चालत असतात. आम्हीही चाललो.

पहिल्यांदा निराशा झाली, खोटे कशाला बोलू? तळे नाही, झाडी नाही. समुद्राकाठचा उंचसखल माळ, नुसती कुरणासारखी जमीन. पण तासाभराने पाय बोलू लागले. हे मैदान कोणी एका माणसाने कागदावर आखलेलेच नाही. वाऱ्याने वाळू लोटली, तिचे उंचवटे झाले. मेंढ्या वारा चुकवायला खळग्यांत बसत आणि तेच खळगे पुढे बंकर, म्हणजे चेंडू अडकवणारे वाळूचे खड्डे, झाले, असे तिथे सांगतात. असे बंकर आज 112 आहेत, आणि त्यातले कितीतरी चेंडू मारायच्या जागेवरून दिसतही नाहीत. चौदाव्या होलवरच्या (होल म्हणजे चेंडू पाडायचे भोक आणि तिथवरचा पट्टाही) एका बंकरचे तर नावच ‘नरक’.

मला वेड लावले ते जोडग्रीननी. ग्रीन म्हणजे भोकाभोवतीची बारीक कातरलेली हिरवळ. आयुष्यभर मी वीतभर बांधासाठी सख्ख्या भावांना कोर्टात जाताना पाहिले आहे. इथे चौदा होल मिळून सात ग्रीन वापरतात, बांध नाही की कुंपण नाही. कारण साधे आहे. पूर्वी एकाच वाटेने जायचे आणि त्याच होलवरून परत यायचे. गर्दी वाढली तेव्हा ग्रीन रुंद करून प्रत्येकावर दोन होल केले. जोड्यांची बेरीज करून बघा: दुसरा-सोळावा, तिसरा-पंधरावा, सातवा-अकरावा. दर वेळी अठराच. पाचव्या-तेराव्याचे ग्रीन जवळपास पस्तीस गुंठ्यांचे आहे; आमच्याकडे तेवढ्यात एखाद्याची द्राक्षबाग असते. अठरा होलचा दंडकही इथलाच. 1764 मध्ये बावीसचे अठरा केले आणि पुढे जगाने तेच उचलले.

सतरावा होल नीट समजून घ्यावा असा आहे. तो उजवीकडे वळतो आणि उजव्या हाताला हॉटेल आहे. तिथे पूर्वी रेल्वेच्या शेड होत्या. आज त्या शेडच्या प्रतिकृतीच्या वरून चेंडू मारावा लागतो. हद्दीला चिकटून मारायची हिंमत केली तर पुढे ग्रीनचे तोंड मोकळे मिळते. भिऊन डावीकडे मारला तर जागा ऐसपैस, शिक्षा काहीच नाही. हिशेब होतो तो पुढच्या फटक्याला. आता झेंडा आणि तुमच्यामध्ये एक खोल बंकर उभा असतो, आणि चेंडू जरा लांब गेला तर ग्रीनमागे रस्ता आणि दगडी भिंत. 1978 च्या ओपनमध्ये (ब्रिटनची मोठी गोल्फ स्पर्धा) जपानचा नाकाजिमा दोन फटक्यांत ग्रीनवर पोहोचला होता. तिथून त्याने हलकेच ढकललेला चेंडू उतारावरून घरंगळत त्याच बंकरात गेला आणि त्या होलवर त्याचे नऊ फटके झाले. याउलट 2000 साली टायगर वुड्स चार दिवसांत एकाही बंकरात गेला नाही आणि 19 अंडर पारने जिंकला. बातमीत तेव्हा 19 हा आकडाच आला असणार. 112 खड्डे कसे चुकवले, हे कोण सांगणार?

अमेरिकेचा गोल्फर बॉबी जोन्स, त्याचेही तसेच. 1921 मध्ये अकराव्या होलवरच्या बंकरात अडकून वैतागला आणि त्याने खेळ अर्धवट सोडला. 1927 मध्ये त्याच मैदानावर तो ओपन जिंकला. पुढे अमेरिकेतले ऑगस्टाचे गोल्फ मैदान त्याने ज्याच्याबरोबर उभारले, तो अ‍ॅलिस्टर मॅकेन्झी मूळचा डॉक्टर. त्याने 1924 मध्ये केलेला ओल्ड कोर्सचा नकाशा लेकीने मला दाखवला. आमच्या खात्यातला मोजणीदार असता तर त्याच्या हाताखाली मी आनंदाने साखळी ओढली असती.

या जमिनीचा सातबाराही वाचण्याजोगा आहे. गावकऱ्यांचा खेळण्याचा हक्क 1552 च्या सनदेत नोंदलेला. 1797 मध्ये कर्जात बुडालेल्या गावाने जमीन विकली आणि ती सशांचे पालन करणाऱ्यांकडे गेली. मग गोल्फवाले विरुद्ध ससेवाले अशी वीसेक वर्षांची कोर्टकचेरी आणि मारामारी. 1821 मध्ये एका गोल्फप्रेमी जमीनदाराने ती विकत घेऊन खेळासाठी वाचवली. आज ती सार्वजनिक जमीन आहे आणि 1974 च्या कायद्याने नेमलेला ट्रस्ट तिची व्यवस्था पाहतो. 2012 मध्ये तिथे काही बंकर हलवायला आणि अकराव्या ग्रीनचा उतार कमी करायला घेतला, तेव्हा बरीच ओरड झाली. माझे मत ओरडणाऱ्यांच्या बाजूने. नव्या काठ्यांनी चेंडू लांब जातो तर काठ्यांना आवर घाला, जमिनीला कशाला?

विनंती एवढीच, की ओपन पुन्हा सेंट अँड्र्यूजला होईल तेव्हा सतराव्या होलचा नकाशा तीन कॉलम छापा. वाऱ्याची दिशा दाखवणारा बाण विसरू नका. आणि नकाशाला स्केल द्या. वर्तमानपत्रातले नकाशे बिनस्केलचे असतात, ही आमची जुनी तक्रार आहे.

आपला,
एक निवृत्त भूकरमापक, नाशिक