‘कायमची केसमुक्ती’ विकणाऱ्यांना आवरा

महोदय,

‘आठवड्यात नको असलेले केस कायमचे गायब’ अशा जाहिरातींना मोबाइलवर नुसता ऊत आला आहे. माझ्या भाचीने असेच एक आयपीएल (तीव्र प्रकाशाच्या झोतांनी केस काढणारे) यंत्र मागवले. वरच्या ओठावर भाजल्यासारखे चट्टे उठले आणि काळे पडले. खोक्यावर ना उत्पादकाचे नाव, ना आयातदाराचा पत्ता, ना छापील किंमत. विक्रेत्याचा व्हॉट्सअ‍ॅप क्रमांक पैसे हाती पडेपर्यंतच चालू होता.

केसांतले मेलॅनिन हे रंगद्रव्य या यंत्राचा तीव्र प्रकाश शोषून घेते आणि त्या उष्णतेने केसाच्या मुळाला इजा होते. पण मेलॅनिन त्वचेतही असतेच. त्यामुळे सावळ्या वर्णाला भाजण्याचा धोका अधिक, तर पांढऱ्या केसांवर उपयोग जवळपास शून्य. चांगल्या यंत्रानेही केस विरळ होतात, कायमचे जात नाहीत. जाहिरातीत मात्र गोऱ्यापान मुलीची नितळ पोटरी तेवढी दिसते. चेहऱ्यावर राठ केस येण्यामागे पीसीओएससारखे (स्त्रियांमधील संप्रेरकांचा बिघाड) कारणही असू शकते. तिथे डॉक्टरच हवेत.

२०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार विक्रेत्याचे नाव, पत्ता व तक्रार अधिकाऱ्याचा तपशील देणे बंधनकारक आहे. तो नसेल तर खरेदी करूच नये. फसवणूक झाल्यास खोके, पावती, जाहिरातीचा स्क्रीनशॉट जपून १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करावी. मुली लाजेपोटी गप्प बसतात, हेच या लोकांचे भांडवल. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींसाठी २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात १० लाख रुपयांपर्यंत दंड आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने तो या विक्रेत्यांना ठोठावावा.

– एक वाचक, ठाणे